तुमच्या होडीच्या तळाविषयी

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. या खेपेला तो जरा लांबलेला समजावा, कारण उठून तुमच्या नजरेला नजर द्यायची हिंमत नाही. कंबर कशी आहे? मामींचं लेकीकडे मन रमतंय ना? इकडे घर ठीक आहे, झाडांना पाणी घालतो. पाणी होडीतही शिरलं, पण ते ओघाने येईलच.

माझे सासूसासरे आले आहेत. (सासरे शाळेत गणित शिकवायचे. त्यांना पोहता येत नाही, हे नंतर कळलं.) शेडमधली होडी पाहून त्यांनी कुणाची म्हणून विचारलं आणि माझ्या तोंडून 'आपलीच' निघून गेलं. आपली म्हणजे मामांची, असा अर्थ मनात होता. तो मनातच राहिला. मग त्यांना फिरवून आणणं आलं. तलावाकाठी उचलून न्यायची सोडून मी ती दगडांवरून फरफटत नेली. मधोमध गेल्यावर सासरेबुवा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, माझे मोजे ओले झालेत." तळाला वीतभर तडा गेला होता. मी वल्ही मारत होतो, ते टोपीने पाणी उपसत होते. काठाला लागेपर्यंत त्यांनी मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी दुकानातला सगळ्यात महाग गोंद लावला. वाळल्यावर तो खपलीसारखा अख्खा निघाला. (या प्लास्टिकला काहीच चिकटत नाही म्हणे.) मग वितळवून सांधावं म्हणून इस्त्री फिरवली. ती मामींची होती. 'होती' हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे. तडा तसाच राहिला आणि शेजारी भोक पडलं. शेवटी सासरेच पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्याला विचारून आले. तडा आणखी पुढे जाऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही टोकांना बारीक छिद्रं पाडली, गरम हवेचं यंत्र भाड्याने आणलं आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी वितळवत फट भरली, अंगणात गुडघ्यांवर बसून, या वयात. मी पट्टी धरायला. बायको चहा देऊन जायची आणि जाताना माझ्याकडे बघायची. होडी कुणाची हे तिला ठाऊक आहे. काम संपल्यावर सासरे घाम पुसत म्हणाले, "मेहनतीने घेतलेली वस्तू अशी वाया जाऊ देऊ नये." धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण अंगणात फरशी आहे.

आता होडीत थेंबभर पाणी येत नाही. डाग मात्र दिसतो. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (हे सवयीने लिहिलं गेलं),
भाचा

ता. क. सासऱ्यांना खरं सांगून टाकायचा माझा विचार आहे. तो रोज सकाळी असतो.

आणखी ता. क. तुम्ही येताय हे कळल्यावर त्यांनी तुम्हाला होडीतून फिरवून आणायचं ठरवलंय. तेव्हा कृपा करून पहिल्यांदाच बसल्यासारखं बसावं. वल्हं कसं धरायचं ते सासरे दाखवतील. शिकून घ्यावं.