तिसाव्या रोज्याचा चौकोन

मोहर्रम बेक, अलेक्झांड्रिया
ईदची सकाळ

आदरणीय सनीया ताईस,

धाकट्या वजदीचा सलाम. दरवर्षी अशीच ईद येवो आणि दरवर्षी तू अशीच ठणठणीत असावीस. गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला का? (उत्तरासाठी थांबत नाही, कारण मला आज कुठेच थांबवत नाही. एवढ्या ओळी लिहिताना मी तीनदा उठून बाल्कनीत जाऊन आलो.) फोन केला असता, पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस. कागद ऐकून घेतो.

बांधवांनो, म्हणजे ताई, या सगळ्याच्या मुळाशी आहे रीहाम, माझीच मुलगी. रमजानच्या आधी, शाबान महिन्यात मी गॅसचा सिलिंडर सांगायला विसरलो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही अख्ख्या ट्राम कामगारांना जागं करता, पण स्वतःला उठवायला कुणीतरी लागतं. बुलेट जर्नल ठेवा." म्हणजे काय, तर साध्या वहीत आपणच महिना आखायचा, प्रत्येक कामापुढे टिंब द्यायचं, झालं की फुली मारायची आणि राहिलं की बाण काढून पुढच्या दिवशी ढकलायचं. मला कल्पना पटली. रोमच्या फौजा काय, फॅरोचे कारकून काय, ज्याने नोंदी ठेवल्या त्याने जग चालवलं, हे मी कामगारांना वीस वर्षं सांगत आलो आहे. पण दुकानात गेलो तर ठिपक्यांची परदेशी वही मटणाच्या भावाने! मी तिथेच गल्ल्यासमोर उभं राहून विचारलं की, कागद आमचा, शाई आमची, मग ठिपके कुणाच्या बापाचे? दोघांनी टाळ्या वाजवल्या. (एक दुकानदाराचा भाऊ निघाला, तो माशी मारत होता.)

तेव्हा ठरवलं, स्वस्तात करून दाखवायचं. पोराची, अय्मनची, जुनी शाळेतली अर्धी कोरी वही घेतली आणि ठिपक्यांसाठी बायकोची, इन्शिराहची, पत्र्याची चाळण. चाळण पानावर दाबायची, वरून शाईचा बोळा फिरवायचा, झाले ठिपके. पहिलं पान अमावास्येसारखं काळंकुट्ट झालं, दुसऱ्यावर ठिपके दिसले, आणि तिसऱ्या पानाला मी खुशीत येऊन रीहामला हाक मारली. ती वहीकडे बघायचं सोडून चाळणीकडे बघत होती. ती म्हणाली, "आईने आता कहक बिस्किटांचं पीठ यातून चाळलं, तर ईदला निळी कहक खायची का आपण?" चाळण घासली, खरवडली, लिंबू लावलं. नाही गेलं. इन्शिराह रागावली नाही. एवढंच म्हणाली, "नवी चाळण आणा, भट्टीवाल्याकडे आपल्या थाळ्यांचा नंबर लावा, आणि कहकचा डबा होणाऱ्या सुनेकडे, नहलाच्या घरी तुम्ही स्वतः नेऊन द्या."

आता तुला वेगळं सांगायला नको. मुलाकडून कहकचा डबा ईदच्या आधी मुलीकडे गेला नाही, तर तुमच्या दमनहूरच्या अख्ख्या गल्लीला कळतं की मुलाकडच्यांचं मन फिरलं. त्यातून नहलाचे वडील, हाजी बयूमी! जिनिंगमधला मुकादम माणूस, एक गासडी उशिरा आली तरी तीन दिवस जेवत नाही म्हणे. आणि अय्मनच्या लग्नाची तारीख आज, ईदच्या पहिल्या दिवशी, त्यांच्याच बैठकीत ठरायची आहे.

मी तिन्ही कामं वहीत लिहिली. टिंब दिलं. पण रोज्याच्या दिवसांत माणसाला दुपारी कुठे जाववतं? बाण काढला. दुसऱ्या दिवशी युनियनची बैठक, बाण. मग इफ्तारची आमंत्रणं, बाण, बाण, बाण. ताई, तो बाण फार वाईट व्यसन आहे. काम न करताही काहीतरी केल्याचं समाधान देतो! असे सगळे बाण जाऊन थांबले शेवटच्या, तिसाव्या रोज्याच्या चौकोनात. तो चौकोन मी मुद्दाम मोठा आखला होता. सकाळी चाळण, दुपारी भट्टी, संध्याकाळी दमनहूर. नियोजन म्हणतात ते हेच.

आणि काल एकोणतिसाव्या संध्याकाळी टीव्हीवर जाहीर झालं, चंद्र दिसला, उद्याच ईद!

गल्लीत फटाके फुटले, पोरं नाचायला लागली, आणि मी वही हातात धरून उभा. माझा अख्खा दिवसच कुणीतरी कॅलेंडरातून काढून नेला होता. मी गच्चीवर धावलो. मला तर काही दिसला नाही. खाली येऊन तसं बोललो, तर रीहाम म्हणते, "बाबा, चंद्राला तुमची वही दाखवा, लाजून परत जाईल." गेली दोन वर्षं महिना तीसचा होता, मग यंदा मी काय चूक केली, हे मला कुणी समजावून सांगावं!

धावत जाऊन चाळण आणली. भट्टीवर गेलो तर थाळ्यांची रांग कोपऱ्यापर्यंत. मी पायरीवर चढून, सणाच्या दिवशी माणसाने माणसाला जागा देणं म्हणजे काय, यावर चार शब्द बोललो. भट्टीवाला आतूनच ओरडला, "उस्ताद, थाळी आणली असेल तर उद्यानंतर या. भाषण आणलं असेल तर ते घरीच भाजा!" घरी आलो तर इन्शिराह शांतपणे माझा कोट इस्त्री करत होती. या बाईची शांतता मला पोलिसांच्या लाठीपेक्षा भयंकर वाटते. तिला काही विचारायची हिंमत झाली नाही. पहाटेपासून येरझारा घालतो आहे.

भाऊजींना सलाम, पोरांना पापे.

तुझा धाकटा,
वजदी

ता. क. : पत्र मायक्रोबसवाल्या सय्यदच्या हाती देतो आहे, तासाभरात मिळेल. खरं काम असं, की तू केलेल्या कहकमधला एक डबा भर, वर साखर भुरभुर, फीत बांध आणि दोन गल्ल्या ओलांडून हाजींकडे नेऊन दे. म्हणावं, वजदीने कालच पाठवला होता, माझ्याकडेच राहिला. पाया पडतो, हे कर. पोराच्या संसाराचा प्रश्न आहे.

ता. क. दुसरा : डबा भरू नकोस. इन्शिराहने खांद्यावरून हे पत्र वाचलं. तिने चाळण निळी झाली त्याच दिवशी शेजारणीची चाळण मागून ठेवली, आठवड्यापूर्वी तिच्याच ओव्हनमध्ये कहक भाजली आणि स्वतः हाजींकडे देऊन आली. त्या दिवशी तिचा इफ्तार तुझ्याच घरी झाला म्हणे! मी विचारलं, मग मला का सांगितलं नाही? तर म्हणाली, "तुम्ही महिनाभर वहीत डोकं घालून बसला होता. घरात एवढी शांतता लग्न झाल्यापासून नव्हती. ती मी कशाला मोडू?"

ता. क. तिसरा : हाजींचा निरोप आहे की दुपारी सगळ्यांनी यावं, तारीख आजच ठरवू, फक्त उस्तादांनी बसून राहावं. तेव्हा ताई, तूही ये आणि बैठकीत माझ्या शेजारी बस. मी उभा राहायला लागलो की मागून कोट ओढ. एकदाच ओढू नकोस, मला वाटेल तू दाद देते आहेस.