नानांची पाठ

नाना, काल न्हाऊन आल्यावर आईने पाठ माझ्यापुढे केली, "खाजव गं जरा" म्हणाली, आणि माझा हात मध्येच थांबला. तुम्हाला एवढंच मागायला किती जड गेलं होतं!

सुरुवातीला सगळ्यांनी दोष फवारणीला दिला. द्राक्षाची बाग म्हटली की औषध अंगावर उडणारच. आईने साबण बदलला, कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळी घातल्या. तुम्ही मात्र बागेतल्या मांडवाच्या लोखंडी अँगलला म्हशीसारखी पाठ घासत उभे. तळहात, तळपाय सोलून निघाले तरी "खाजेनं कोणी मरत नाय" हे तुमचं ठरलेलं. डोळे पिवळे झाले तेव्हा आधी काविळीची माळ गळ्यात घालून घेतलीत, मग नाशिकच्या दवाखान्यात आलात. आत गाठ आहे, तिने पित्ताची नळी दाबलीय, बिलिरुबिन फार वाढलंय, खाज त्याचीच, असं डॉक्टरांनी सांगितलं. बिचारी फवारणी फुकटच बदनाम झाली होती.

तुंबलेलं पित्त वाहतं करायला आत नळी घालायची तारीख मिळेपर्यंत तुम्ही घरी होतात आणि मी कॉलेज सोडून आले होते. एका दुपारी आई बाजारात गेलेली. तुम्ही ओट्यावर माझ्याकडे पाठ करून बसलात. मी मोठी झाल्यापासून तुम्ही माझ्या डोक्यावरसुद्धा हात ठेवला नव्हता.

"पोरी, हात पुरत नाय माझा."

मी खाजवते आहे. पाठ हळदीसारखी पिवळी, बरगड्या बोटांना लागताहेत.

"जोरात. भाकरी थापताना बरा जोर येतो!"

मग रोजच. पाठ माझ्याकडे असली की तुम्ही बोलायचात. आजी, तुमची आई, गेली तेव्हा बागेत जाऊन एकटेच रडलात, मला शिकायला पाठवलंत तेव्हा एसटी गेल्यावरही स्टँडवर बसून राहिलात, हे सगळं मला तेव्हा कळलं. समोरासमोर तुम्ही ते कधीच सांगितलं नसतंत.

नळी बसली. बिलिरुबिन उतरलं, खाज गेली, आईने गल्लीभर पेढे वाटले. तुम्ही पुन्हा ओट्यावर बसू लागलात, पण भिंतीला टेकून. मी विचारलं, "खाजवू का?"

"नको. आता बरं हाय." आणि पेपर उघडलात.

दिवाळीच्या आत त्या गाठीने तुम्हाला नेलंच. इतकी वर्षं झाली, तरी मला अजून तुमच्याशी बोलायचं असतं नाना.

हे पत्र मी फाडून टाकणार आहे, आईच्या हाती लागायला नको. खाज गेली म्हणून तिने देवापुढे साखर ठेवली, तेव्हा मीही शेजारी हात जोडून उभी होते. मी मनात म्हणत होते, थोडी राहू दे.