टेक्सास की ऑरेगन

२८ मे २०२०, गुरुवार. बेस्ट, नेदरलँड्स.
सकाळी मॅनेजरचा कॉल. कंपनी अमेरिकेत पाठवायला तयार आहे. टेक्सासमध्ये ऑस्टिन किंवा ऑरेगनमध्ये पोर्टलंड. वीस जूनपर्यंत निवड कळवायची. घरी बसूनही माझं काम दिसतं म्हणायचं.
अडचण एकच. नाशिकला बाबांना सांगून ठेवलंय की डिसेंबरमध्ये आम्ही कायमचे परत येतो. आई गेल्यापासून ते एकटेच. त्यात लॉकडाऊन. संपदा म्हणाली, आधी त्यांना फोन कर. बायकोला प्रोसेस कळत नाही. बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, त्यांना आकडे लागतात. आधी शीट, मग फोन. रविवारी नक्की.

३१ मे, रविवार
गुगल शीट तयार. दोन राज्यं, चौदा ओळी. शाळा, घर, हवा, दवाखाने, भारतीय दुकानं वगैरे. प्रत्येक ओळीला महत्त्वाप्रमाणे वजन. टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही, ऑरेगनला सेल्स टॅक्स नाही. दोन्ही राज्यांना एकाहत्तर गुण. इतकं निष्पक्ष काम क्वचितच कोणी करत असेल.
बाबांशी पाऊण तास बोललो, कुंडीतल्या कोथिंबिरीवर. मध्येच त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली. त्या गडबडीत अमेरिका काढणं बरं दिसलं नसतं.

३ जून
लेकीला, संहिताला, विश्वासात घेतलं. नऊ वर्षांची आहे, मत असायला हवं. तिने डचमध्ये विचारलं, तिथे शाळेत एकटीला सायकलवर जाता येईल का. 'सायकल' अशी ओळ वाढवली. दोन्ही राज्यं नापास. ओळ काढून टाकली. मुलं रुळतात.

७ जून, रविवार
मन खात होतं. म्हणून पंधरावी ओळ टाकली: 'बाबा'. वजन दहापैकी दहा. टाइप करताना डोळे भरून आले. नंतर एकदम हलकं वाटलं, अर्धं सांगून झाल्यासारखं. संपदा म्हणाली, शीटमध्ये लिहिणं म्हणजे बाबांना सांगणं नव्हे.
फोनवर बाबांनीच विचारलं, ऑस्टिनचा उन्हाळा नागपूरसारखा असतो का रे. या वयात केवढं वाचन. विषय निघालाच होता, पण त्यांना शिकवल्यासारखं होईल म्हणून आवरलं.

१३ जून, शनिवार
'बाबा' ओळीने घोळ केलाय. दोन्ही राज्यं आपटली. म्हणजे कुठेच जाऊ नये असं उत्तर येतं, आणि मॅनेजरने तो पर्याय दिलेला नाही. हल्ली व्हिडिओ कॉल आहेत, म्हणून वजन दहाचं चार केलं. लाज वाटली. पाच केलं. ऑरेगन दोन गुणांनी पुढे.

१६ जून
'बाबा' ओळीचं वजन शून्य. मी केलेलं नाही. संपदा म्हणते, तिने शीट उघडलीही नाही. पुन्हा पाच केलं.

१७ जून, सकाळ
परत शून्य. नक्की हॅकर. पासवर्ड बदलला.

१७ जून, दुपार
बाबांचा फोन. टॅब अचानक पासवर्ड मागतोय.
जानेवारीत नाशिकला गेलो तेव्हा तो टॅब मीच माझ्या अकाउंटवर चालू करून दिला होता. त्यांना आणखी एक पासवर्ड लक्षात ठेवायचा त्रास नको म्हणून. म्हणजे शीट पहिल्या दिवसापासून त्यांच्या समोर आहे.
मीटिंग आहे सांगून फोन ठेवला. मीटिंग नव्हती.

२१ जून, रविवार
काल ऑरेगन कळवलं. आज बाबांशी बोललो. क्रम उलटा झाला, मान्य आहे.
बाबा म्हणाले, तू आपणहून सांगशील म्हणून तीन रविवार थांबलो. मग वाटलं, ती एक ओळ तुझं गणित अडवतेय, म्हणून शून्य केली. एवढंच विचारलं की नाशिकचा रकाना का नाही. म्हटलं, राहून गेला. ते म्हणाले, होतं असं. रागावले असते तर बरं झालं असतं.

२३ जून
अमेरिकेने वर्षअखेरपर्यंत आमच्यासारख्यांचे नवे व्हिसा थांबवले. मॅनेजर म्हणाला, दोन्ही राज्यं रद्द. संपदाला म्हटलं, माझ्या मनात मुळात नाशिकच होतं. ती भांडी लावत राहिली.
ताबडतोब तिसरा रकाना केला. नाशिकला सगळ्या ओळींत पैकीच्या पैकी, हवेलासुद्धा. 'बाबा' वजन दहा. त्यांना नवा पासवर्ड पाठवला. उघडतील, बघतील, मला बोलावंही लागणार नाही.

२८ जून, रविवार
पाच दिवस काहीच नाही. शेवटी विचारलं, टॅब चालतोय ना. म्हणाले, उत्तम चालतोय. शेजारच्या मोहनरावांनी त्यांना स्वतःचं अकाउंट काढून दिलंय. तुझ्या कामात माझी लुडबुड नको, म्हणाले.
व्हिसाची बातमी त्यांनी पेपरात वाचली होती. माझंच सांत्वन केलं. मनाला लावून घेऊ नकोस, तू हुशार आहेस, दुसरं काहीतरी मिळेल. मग विचारलं, आता कुठलं राज्य बघतोयस.
संपदा समोरच बसली होती. नाशिक म्हणायचं होतं.
अजून ठरलं नाही, म्हणालो.