गच्चीवरच्या उन्हाची वाटणी

मी, चंद्रव्वा महादेवप्पा हत्तुरे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार नवी पेठेच्या मागे, सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर वाकडं दिसलं तर तो वयाचा दोष समजावा, कुणाच्या दबावाचा नव्हे. याआधीचं मृत्युपत्र मी रद्द करते. का, ते पुढे येईलच.

१. राहतं घर माझ्या पतींनी हयातीतच माझ्या नावे केलं. ते मी मुलगा शिवानंद यास देते, गच्ची वगळून.

२. बँकेतली ठेव नात अंकिता हिच्या शिक्षणासाठी. त्यातून तिने स्कूटर घेऊ नये. कॉलेज चालत जाण्याइतकं जवळ आहे.

३. गच्चीवरची सूर्यपेटी. शाळेत मी तापणारी पृथ्वी फळ्यावर समजावून सांगायची आणि घरी येऊन गॅस मोठा करायची. याची मला लाज वाटू लागली. मग गॅस, वीज, पेट्रोल जमेल तितकं कमी करायचं ठरवलं. आमच्या यजमानांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. म्हटलं, उन्हात अन्न शिजवायला एक पेटी करून द्या. यांनी सवयीने ती लग्नातल्या पेटीसारखी आतून-बाहेरून गुलाबी रंगवली, वर मोर काढला. भात संध्याकाळपर्यंत कच्चाच! मी आतून काळा रंग दिला, वर काच बसवली, तेव्हा म्हणाले, "असली काळी पेटी कोण गिऱ्हाईक घेणार हाय?" गिऱ्हाईक आलं नाही, पण शेजारणी डाळीची भांडी घेऊन आल्या. उन्हाळ्याआधी गच्चीला चुना द्यायचीही सवय लावली. खालच्या खोल्या निवल्या. एसीवाचून माझं काही अडलं नाही.

४. शिवानंदवर माझा राग आहे, तो इथे लिहून ठेवते. गेल्या उन्हाळ्यात मी तापाने अंथरुणात असताना तो कंत्राटदाराला घेऊन गच्ची मोजत होता. वर मजला, खोलीखोलीत एसी, भाडेकरू. जिन्यातून सगळं ऐकू येत होतं. म्हणाला, "अव्वा गेल्यावर ही पेटी भंगारात घालू."

सून भुवनेश्वरी तिथेच गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "घाला की! मग जेवणार कुटं? काल दोनदा मागून खाल्लेली आमटी ह्यातलीच हाय." ते ऐकून मला अंथरुणातच हसू फुटलं, आणि मी नवं मृत्युपत्र करायचं ठरवलं.

५. सबब गच्ची, तिच्यावर बांधकाम करण्याचा किंवा न करण्याचा संपूर्ण हक्क, सूर्यपेटी आणि चुन्याची बादली मी भुवनेश्वरी हिला एकटीला देते. शेजारणींना तिने अडवू नये, एवढी विनंती.

शिवानंदा, माझा तुझ्यावर जीव आहे, रागही आहे. यापुढे गच्चीवर जायचं झालं तर बायकोला विचारून जा.

स्थळ : सोलापूर
दिनांक : ३ मार्च २०२५
सही : चंद्रव्वा म. हत्तुरे

चंद्रव्वाबाईंनी वरील मजकूर आम्हाला वाचून दाखवून आमच्यासमोर सही केली.
साक्षीदार : १. धुळाप्पा कोरे (शेजारी)
२. डॉ. महानंदा बिराजदार