बाईंच्या कूलरचा पंप

बाई, तुम्ही गेल्याला वीसेक वर्षं झाली आणि मी तुम्हाला आज पहिल्यांदाच लिहितो आहे. शुद्धलेखनाच्या चुका निघतील, तुमची लाल शाई फार खर्ची पडू नये एवढीच काळजी घेतो. मी आता अकोल्याला असतो. मोटारी आणि कूलर दुरुस्त करायचं माझं स्वतःचं दुकान आहे. आणि गेले सहा महिने दर गुरुवारी दुपारी दुकान बंद करून मी एका म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर जाऊन बसतो. इथल्या काही लोकांनी मिळून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना सोबत करायचं काम सुरू केलं आहे, त्यात मीही नाव दिलं. गल्लीतले लोक माझं कौतुक करतात. ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझ्या वाट्याला आलेले आजोबा एसटीत ड्रायव्हर होते, अकोला-अचलपूर गाडीवर. बायको वारली, मुलगी लांब दिली आहे. पहिल्या दिवशी मी सवयीनं औजारांची पिशवी घेऊनच गेलो. आत शिरल्याबरोबर पंख्याकडे पाहिलं, फ्रिजला कान लावला, मोरीतला नळ सोडून बंद केला. दुसऱ्याच्या घरात नुसतं बसतात कसं, हे मला ठाऊकच नव्हतं. आजोबा खुर्चीतून माझी ही कवायत पाहत होते. शेवटी म्हणाले, "काय शोधून राहिला बापा? अठी काई बिघडलं नाई. बस न जरा." मी पिशवी पायाशी ठेवून बसलो. कोणत्या थांब्यावर कोण चढायचं, कोण तिकिटासाठी भांडायचं, ते सांगत राहिले. मी हं हं करत होतो आणि मन तुमच्या अमरावतीच्या घरी जाऊन पोचलं होतं.

तेव्हा मी तिथे दुसऱ्याच्या दुकानात कामाला होतो. आयटीआयला नंबर लागला तेव्हा तुम्ही दिलेला टेस्टर खिशाला लावून हिंडायचो. तुम्ही शाळेतून रिटायर झाला होतात, यजमान आधीच गेलेले, मुलगा पुण्यात. त्या उन्हाळ्यात रविवारी सकाळी माझ्या घरमालकाच्या फोनवर तुमचा निरोप यायचा, कूलरचा पंप आत्ताच बंद पडला. मी सायकल काढून दहा मिनिटांत दारात. वर्गात तुम्हाला वऱ्हाडी बोललेलं चालायचं नाही, पण स्वयंपाकघरात तुम्ही खुशाल म्हणायचात, "आधी पानी पे, मंग पाय तुयं मशीन." ते ऐकून मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. पंपात काहीच बिघाड नसायचा, एक वायर सुटलेली असायची. ती घट्ट केली की काम संपलं. मग पातोडीची भाजी, भाकर, आणि सातवीच्या वर्गाच्या गोष्टी. उठायला बारा वाजायचे.

चौथ्या की पाचव्या रविवारी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पोचलो तेव्हा भाजी तयार होती. पातोड्या थापून, कापून, रस्सा करायला तासभर तरी लागतो, आणि पंप तर म्हणे आत्ताच बंद पडलेला. मी त्या वायरचा स्क्रू पाहिला. त्याच्यावर सुरीच्या टोकानं फिरवल्याच्या खुणा होत्या. शेजारच्या काकू विरजण न्यायला आलेल्या होत्या. त्यांच्यादेखत मी हसत हसत म्हणालो, "बाई, वायर दर आठवड्याला आपोआप सुटत नाही. तुम्हीच काढता." मला माझी हुशारी दाखवायची होती, दुसरं काही नाही. तुमच्या हातात भाकरीचं पीठ होतं. तुम्ही ते परातीत ठेवलंत आणि म्हणालात, "हो रे. मीच काढते." मग ताट वाढलंत. मी मान वर न करता जेवलो. त्या दिवशी सातवीची एकही गोष्ट निघाली नाही.

सातवीत मी एका मुलीचा डबा सगळ्यांसमोर उघडला होता. ती रोज पोट भरलं आहे म्हणायची, आणि डबा रिकामा निघाला. तेव्हा तुम्ही मला वर्गात एक शब्द बोलला नाहीत. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात थांबवून, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून मग म्हणालात, "तिनं झाकून ठेवलं होतं न? मग तू कोण उघडणारा?" माझी लाज तुम्ही राखलीत. तुमची मी राखली नाही.

त्यानंतर निरोप आला नाही. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात तुम्ही गेलात. मातीहून परतताना त्याच काकू मला म्हणाल्या, "औंदा पुरा उन्हाळा बाईचा कूलर बंद होता. खराच बंद. ओला टॉवेल घेऊन बसायच्या. मी म्हटलं, तुमच्या त्या पोराले बलवा. तं म्हने, नको, त्याले लय कामं रायतात." मी तेव्हा अमरावतीतच होतो, बाई. सायकलनं दहा मिनिटांवर.

काल सोबत करणाऱ्यांची बैठक होती. हे काम पाहणाऱ्या ताईंनी प्रत्येकाला एक कागद दिला, तुम्ही या कामाकडे कसे वळलात ते चार ओळींत लिहा. मी 'फावला वेळ असतो' असं लिहून दिलं. घरी आल्यावर झोप येईना, तेव्हा ही वही काढली. हे पत्र कोणाला धाडणार? तुमचं घर तर मुलानं कधीच विकलं.

एक गोष्ट राहिली. घरी मी सगळ्यांना सांगत आलो की बाईंनी खोटं सांगून बोलावलं, त्याचा राग आला म्हणून जाणं सोडलं. त्या दिवशी सायकलवर बसलो तेव्हा मला राग आला नव्हता, बाई. बरं वाटत होतं. आता रविवार आपला झाला, असं वाटत होतं.