परसातल्या विटांच्या खोलीबाबत

मी, नृसिंह केशव मुळे, वय वर्षे बासष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार नेवासे, जिल्हा अहमदनगर, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर घरातल्यांना तोंडी सांगून सांगून थकल्यामुळे हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे.

१. राहते घर व परस माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीचे आहे. माझ्यामागे ते पत्नी सौ. अंबिका हिचे, व तिच्यामागे मुलगा रविकांत याचे. भिंतीवरचे घड्याळ रविकांतने हवे तर आजच न्यावे. ते रोज वीस मिनिटे मागे पडते आणि माझी उमेद संपली आहे.

२. आता परसातली विटांची खोली. आमच्या घरच्या बायका महिन्याचे तीन दिवस तिथे बाजूला बसत. अंबिका पंचवीस वर्षे बसली, पौषातसुद्धा. मी तेव्हा शाळेत आरोग्याचे धडे शिकवीत होतो. पुढे तिला दमा जडला, आणि आंघोळ उघड्यावरच, विहिरीजवळच्या धोंड्यावर. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्या खोलीची उबदार न्हाणी करायची ठरवली. आतून दुसरी भिंत, मधल्या चार बोटांच्या पोकळीत भुसा, कोपऱ्यात बंब. इतके साधे काम!

पोकळीत कारखान्यातली उसाची चिपाडे भरायची अक्कल माझी. अंबिका म्हणाली, "अहो, ती गोड असतात." मी ऐकले नाही. महिन्याभरात मुंगळ्यांनी भिंतीचा ताबा घेतला. गोरक्षनाथ गवंडी म्हणाला, "मास्तर, ही भित न्हाई, गुळाची ढेप हाय!" सगळी भिंत उकलून लाकडाचा भुसा भरला.

३. न्हाणी दिवाळीत तयार झाली. तेव्हापासून माझी थोरली बहीण मनकर्णाआक्का दारात आडवी. "विटाळाच्या खोलीत न्हाऊन ही देवघरात येणार?" आक्का, तुझे अन्नवस्त्र आणि ओसरीलगतची खोली तहहयात तुझी आहे. त्या न्हाणीवर मात्र तुझा शब्द चालणार नाही. तूही तिथे कुडकुडली आहेस. मागितलेस तर तुलाही ऊन पाणी मिळेल.

रविकांतने तिथे सायकल ठेवू नये.

४. मोजमाप घ्यायला मी त्या खोलीत जन्मात पहिल्यांदा गेलो. खाली बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, विटांच्या फटींत लुगड्याच्या चिंध्या कोंबलेल्या होत्या. विचारले, तर अंबिका म्हणाली, "वारा यायचा." मला फार लाज वाटली, ती इथे लिहून ठेवतो. त्या चिंध्या मी काढू दिल्या नाहीत. दाराला फक्त बाहेरून कडी होती, ती काढून आत बसवली आहे.

५. माझ्या देहाला आंघोळ धोंड्यावरच, गार पाण्याने घालावी. त्या दिवशी घरातल्या बायकांनी डोक्यावरून गार पाणी घ्यायची आपल्यात रीत आहे. अंबिकेने ते घेऊ नये. बंब पेटवावा, तिने न्हाणीत जाऊन आतून कडी लावावी, आणि ती आपण होऊन बाहेर येईपर्यंत कोणी दार वाजवू नये.

मुक्काम नेवासे, तारीख १४ डिसेंबर १९४६
नृसिंह केशव मुळे, सही दस्तुरखुद्द

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष सही केली:
काकासाहेब, शेजारी, सही
गोरक्षनाथ, गवंडी, डाव्या हाताचा अंगठा