एकमताची पाटी

९ नोव्हेंबर, रविवार

ताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. तू, भाची, जावईबापू सगळे खुशाल असाल. नातू बोलायला लागला का? इकडे मी मजेत.

आधी एक हिशेब. नदीकाठच्या एका बाकाला बावीस किलो लोखंड, दोन माणसांचा दीड दिवस आणि रंगाचे तीन हात लागले. असे चाळीस बाक. बाकांसाठी काठचा रस्ता लागला आणि रस्त्यासाठी आपली गल्ली. एकोणीस घरं, त्यातलंच तुझं, खाली शिवणाचं दुकान असलेलं. पालिकेच्या कागदावर फक्त लोखंड आणि रंग धरलाय.

पण शहर काय दिसतंय म्हणून सांगू! प्रत्येक बाकाच्या पाठीवर मी शहराचं नाव कापून बसवलंय. बाहेरगावची मंडळी त्याला टेकून फोटो काढतात. उद्घाटनाला दोन हजार माणसं होती. नगराध्यक्ष माइकवरून म्हणाले, "एकोणीसच्या एकोणीस घरांनी हसत जागा दिली. असं एकमत दुसऱ्या शहरात दाखवा!" टाळ्या थांबेनात. मला हाताला धरून स्टेजवर नेलं. तेच वाक्य आता पहिल्या बाकाशेजारच्या पाटीवर आहे. पाटीही माझ्याच कारखान्यातली.

संध्याकाळी मी तिथे जाऊन बसतो. माझे कान तुला माहीतच आहेत. परवा शेजारच्या बाकावर एक जोडपं होतं. तो म्हणाला, "आता कुठे शहरात राहिल्यासारखं वाटतं." ती म्हणाली, "मग इतके दिवस काय झाडावर राहत होतास?" मला हसू फुटलं, तुला सांगायला वळलो. बाकाच्या मधोमध दांडा आहे, कोणी आडवं होऊ नये म्हणून. दांड्यापलीकडे कोणी नव्हतं.

गल्ली पार पांगली. इस्त्रीवाला टेकडीमागे सातव्या मजल्यावर राहतो. बाजारात दिसला. मी हाक मारली तर म्हणाला, "काय साहेब, शहर बांधून झालं का?" आणि भाजी न घेताच निघून गेला.

माझं नवं घर मोठं आहे. तुझं मशीन खिडकीपाशी ठेवलंय, महिन्यातून एकदा तेल घालतो. दोनदा ये म्हणून निरोप धाडला, तू "बघू" म्हणालीस. तुझं "बघू" म्हणजे काय, ते मी लहानपणापासून ओळखतो.

ताई, आता खरं लिहितो. संमतीचा कागद फिरत होता तेव्हा तू भाचीच्या बाळंतपणाला गेली होतीस. जाताना बजावलं होतंस, "मी आल्याशिवाय काही ठरवू नकोस." मुदत शुक्रवारी संपत होती. अठरा सह्या झाल्या होत्या, त्याही माझ्या शब्दावर. एक जरी कमी पडली असती तर रस्ता दुसरीकडून जाणार होता आणि बाकांचं कामही हातचं गेलं असतं. आईवडिलांच्या माघारी माझ्या प्रगतिपुस्तकावर तू सही करायचीस, आणि मी नापास झालो की तुझी सही मीच ठोकायचो. हात विसरला नव्हता.

पुढे नियमाप्रमाणे पालिकेत एकेकाला बोलावलं. साहेबाने तुला विचारलं, "ही सही तुमचीच ना?" मी भिंतीकडे बघत होतो. तू चष्मा पुसलास, कागद बराच वेळ न्याहाळलास आणि म्हणालीस, "हो. माझीच." बाहेर पायऱ्यांवर एवढंच बोललीस, "अजून शेवटची रेघ खाली ओढतोस." आठ दिवसांत दुकान आवरून निघून गेलीस. तेव्हा मला वाटलं, सुटलो. देवाशपथ, तसंच वाटलं.

गुरुवारी पालिकेत अर्ज दिला. पाटीवर अठरा लिहा, एकोणिसावी सही माझ्या हातची आहे. कारकून वाचून म्हणाला, "काका, घरी जा हो. पाटी राहील जागेवर आणि तुम्ही याल गोत्यात." मी पोच घेतल्याशिवाय हललो नाही. उद्या तुला कोणी विचारायला आलं, तर माझ्यासाठी पुन्हा "हो" म्हणू नकोस. ये असं या वेळी लिहीत नाही. तो हक्क मी त्या शुक्रवारी घालवला.

तुझ्या खोट्यावर उभा राहिलेला,
तुझा धाकटा

ता. क. उद्घाटनाच्या दोन हजारांत सतराशे शाळेतली मुलं होती, रांगेत आणून बसवलेली. आपल्या गल्लीतलं कोणीही आलं नव्हतं.